वाचनकोपऱ्यातली कुस्ती

दोन खोल्यांत संसार खुशाल करावा, पण दोन खोल्यांत अभिरुची आणायला जाऊ नये, असं मी आता कुणालाही सांगतो. आणि एवढं सांगूनही तुम्ही आमचा ब्लॉक बघायला आलात, तर प्रत्येक पडद्याची दोरी ओढून दाखवल्याशिवाय मी तुम्हाला चहा देणार नाही, हेही खरं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची. राजारामपुरीत तेव्हा नुकत्याच ब्लॉकच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि कोल्हापूरकरांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. माझा मेहुणा केरबा पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं खाली बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, "दाजी, पायाखाली दुसऱ्याचं छत, डोक्यावर तिसऱ्याची जमीन. मग ह्यात तुमचं काय?" मी त्याला ब्लॉकसंस्कृती समजावून सांगितली. त्यानं ती भाकरीबरोबर शांतपणे खाल्ली.

मी एका सरकारी कचेरीत कारकून. पण मनानं कलावंत. गृहसजावटीचं एक मासिक मी मागवत असे आणि त्यातला एक लेख मला तोंडपाठ झाला होता: सामान हलकं ठेवा, पडदे जमिनीपर्यंत सोडा, एक भिंत वेगळ्या रंगात रंगवा. मी तीन भिंती हस्तिदंती केल्या आणि चौथी शेवाळी. भांडी घासायला येणाऱ्या बयाबाईनं दारातच विचारलं, "रंग सपला व्हय ओ सायेब?" इमारतीचे सेक्रेटरी येऊन भिंतीला हात लावून गेले, ओल आली की काय म्हणून. समोरच्या ब्लॉकातल्या निसारभाईंनी मात्र कौतुक केलं. त्यांचं लक्ष्मीपुरीत शिवणाचं दुकान. पडदे त्यांनीच शिवले. उरलेल्या कापडाचे उशांचे अभ्रे केले आणि त्यातूनही उरलं त्याचं आमच्या संग्रामला झबलं. पोरगं पडद्याजवळ जाऊन उभं राहिलं की सापडायचं नाही. शालन, म्हणजे आमची मंडळी, घरभर हाका मारत फिरायची.

पण माझा खरा जीव होता तो वाचनकोपऱ्यावर. खिडकीची भिंत आणि शोकेस यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा उरली होती. शालन तिथं तांदळाचं पिंप ठेवू म्हणत होती. मी म्हटलं, पिंप? तिथं वेताची खुर्ची येईल! शोकेसमध्ये आग्र्याचा एक प्लॅस्टरचा ताजमहाल, बाजूला खुर्ची, वर लोंबता दिवा. वाचायला पुस्तकं नव्हती हे कबूल, पण ती काय, नंतर येतात. खुर्ची अशी नाजूक, की दोन बोटांनी उचलावी.

आता केरबाविषयी थोडं. शालनचा पाठचा भाऊ. गाव कुरुंदवाड, पण मुक्काम कोल्हापुरात तालमीत. पैलवान! जिना चढायला लागला की आम्हाला वर घरात कळायचं. त्या हंगामात त्याच्या पाठीला एकाही फडात माती लागली नव्हती. दर रविवारी तो आक्काच्या हातचा रस्सा खायला यायचा, बरोबर कसलीतरी पिशवी घेऊन, आणि गुमान भिंतीला टेकून जमिनीवर बसायचा.

त्या रविवारी मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. मी म्हटलं, "केरबा, ब्लॉकमध्ये असं खाली बसायचं नसतं. तिथं बस, वाचनकोपऱ्यात."

त्यानं खुर्चीकडं बघितलं. "दाजी, ही पेलंल व्हय?"

"अरे, तिची बैठक शास्त्रशुद्ध आहे."

तो बसला. खुर्ची आधी कुरकुरली, मग गप्प झाली, आणि मी विजयी मुद्रेनं शालनकडं बघतोय तोवर तिचे चारी पाय चार दिशांना गेले. केरबा मागं. पाय वर. आणि नेमके त्याच क्षणी निसारभाई पडद्याच्या कड्या द्यायला दारात आलेले. हा माणूस कुस्तीचा असा शौकीन, की एक मैदान कधी चुकवलं नाही. पाय वर बघितल्याबरोबर त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चीत!"

झालं. स्वयंपाकघरात बयाबाईच्या हातातलं पातेलं थांबलं.

ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांना वाटेल, माणूस खुर्चीवरून पडला, उठला, कपडे झटकले, संपलं. पण पैलवानाला 'चीत' म्हणणं म्हणजे काय हे इथल्या शेंबड्या पोराला विचारा. केरबा उठला. चेहरा लालबुंद. आक्काकडं बघितलं नाही, ताटाकडं बघितलं नाही, आणि जिना उतरून गेला. जिना उतरेपर्यंत बयाबाई शेजारच्या ब्लॉकात पोचली होती.

बातमी इमारतीतून बाहेर पडली तेव्हा 'केरबाला खुर्चीनं पाडलं' अशी होती. मंडईत तिच्यातली खुर्ची गळाली. गंगावेशीत दूधकट्ट्यावर पोचली तेव्हा 'राजारामपुरीत एका हडकुळ्यानं केरबाला चीत केला' एवढंच उरलं. आणि त्या घरात हडकुळा म्हणण्यासारखा माणूस एकच. मी! ऑफिसातला शिपाई मला पाणी द्यायला उभा राहू लागला. कट्ट्यावर दूध प्यायला गेलो तर एक दांडगा गडी जवळ आला, माझा दंड चिमटीत धरून बघितला आणि आदरानं म्हणाला, "पावणं, कुटल्या तालमीचं तुमी?" खोटं कशाला बोलू, मी लगेच नाही म्हणालो नाही. मी म्हटलं, "घरीच करतो थोडंफार."

ही बातमी केरबाच्या कानावर गेली आणि मग तर संपलंच. त्यानं निरोप धाडला: ज्या घरात माझी पाठ लागली त्या घरात पाय ठेवणार नाही.

शालननं रविवारी रस्सा केला, डबा भरला आणि निसारभाईंबरोबर तालमीत पाठवला. डबा रिकामा आला. पुढच्या रविवारी पुन्हा पाठवला, पुन्हा रिकामा आला. निरोप काही नाही. ती डबा घासताना तोंड फिरवून घासायची, आणि मला त्या तोंड फिरवण्याचीच भीती वाटायला लागली.

त्यात संग्रामचं जावळ काढायचं होतं. आमच्याकडं लेकराचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर निघतं. मामा धडधाकट असताना दुसऱ्याच्या मांडीवर वस्तरा लावायचा नाही. केरबानं तालमीतनं सांगून पाठवलं, "मांडी हाय की. पोराला तालमीत आना." शालन म्हणाली, तालमीत बाईमाणसाला मज्जाव, मग माझ्या लेकराचं जावळ मी रस्त्यावर उभी राहून बघू? "जावळ माझ्या घरात निघंल. केरबाच्या मांडीवर निघंल. नाहीतर निघायचं नाही!" बहीणभाऊ दोघंही कुरुंदवाडचे. हटायचं नाव नाही.

आणि पोराचे केस वाढत चालले. डोळ्यावर येत होते, आमटीत बुडत होते. शेवटी शालननं रिबिनी बांधल्या. रंकाळ्यावर फिरायला नेलं तर बायका गालाला हात लावून म्हणायच्या, "पोरगी काय गोड हाय ओ!" बापाच्या काळजाला काय होत असेल!

मी विचार केला. शांतपणे, मासिक बाजूला ठेवून. रोग काय? बैठक मोडली. मग औषध काय? न मोडणारी बैठक! केरबाला पेलणारा सोफा केला की केरबा येईल, बसेल, जावळ निघेल. एवढी सरळ गोष्ट कुणाला सुचली नव्हती. मी शालनला विचारणार होतो, पण म्हटलं, तिला अचानक आनंदाचा धक्का देऊ.

निसारभाईंनी बादशहा मिस्त्री आणला, कोडोलीचा. माझी समजूत की तो सुतार आहे. तो होता गाड्या करणारा. उसाच्या बैलगाड्या! आल्या आल्या खिशातली पट्टी काढून म्हणाला, "सायेब, किती टन बसवायचा?"

"एक माणूस."

"एका मानसाला मी कुनाकडं जात न्हाय. कोन मानूस?"

"केरबा पैलवान."

मिस्त्रीनं पट्टी खिशात ठेवली. "मग बाबळीचं लाकूड. आन् लोखंडाची पट्टी. माज्या सोफ्यावरनं केरबा पडला असं उद्या कोन म्हनालं, तर माजी गाडी इकत कोन घील?" मी मासिकातलं चित्र दाखवलं. बारीक पायांचा, तिरका, नाजूक सोफा. त्यानं ते उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं आणि म्हणाला, "ह्ये आजारी हाय."

सोफा इमारतीच्या आवारातच तयार व्हायला लागला, आणि जो तो सल्ला द्यायला लागला. कुणी म्हणे मागं उतार द्या, कुणी म्हणे खाली कोंबड्या राहतील एवढी जागा ठेवा. सेक्रेटरी रोज येऊन ठोकून बघायचे. एक दिवस त्यांनी चष्मा चढवला आणि मला बाजूला घेतलं.

"इंगवले, ही वस्तू हलते का?"

"हलवली तर हलते."

"तसं नव्हे. सहज हलत नसेल तर ते सामान नव्हे, बांधकाम. आणि बांधकामाला कमिटीची मंजुरी लागते. कमिटी बसल्याशिवाय मी ते जिन्यात चढू देणार नाही."

"मग कमिटी बसवा."

"कशी बसवणार? कमिटीच्या खुर्च्या रंगवायला दिल्यात."

मी हताश होऊन मिस्त्रीला सांगितलं. तो हसला. दुसऱ्या दिवशी बघतो तर सोफ्याला चार चाकं! "आता हलतंय का न्हाय बगा म्हनावं." सेक्रेटरींनी सोफा पुढं ढकलून बघितला, मागं ओढून बघितला, बराच वेळ विचार केला आणि नियमावर बोट ठेवलं. "चाकं असलेली वस्तू म्हणजे वाहन. वाहनं जिन्याखाली लावावीत."

शेवटी निसारभाईंनी जमिनीपर्यंत लोंबणारी झालर शिवली आणि सोफ्याला चौफेर नेसवली. चाकं दिसेनात. सेक्रेटरींनी वाकून झालर वर करायला हात घातला, तर बादशहा मिस्त्री म्हणाला, "ओ, असं वर करून बगू नये." सेक्रेटरी शरमून सरळ उभे राहिले आणि सोफा सामान ठरला.

आता तो वर नेणार कोण? तालमीतली पोरं आली, केरबा ज्या खुर्चीवरून पडला ती बघायला मिळेल या आशेनं. केरबाही आला होता, पण रस्त्याच्या पलीकडं, पाठ फिरवून उभा. सोफा पहिला मजला चढला, वळणावर आला आणि अडकला. वर जाईना, खाली येईना. पोरं घामाघूम. कुणीतरी ओरडलं, "सुटायला लागला, सुटायला लागला!" आणि एकदम खालून सोफा उचलला गेला. बघतो तर खाली केरबा, खांदा लावून.

त्यानं तो दारापर्यंत आणला. उंबऱ्यापाशी थांबला. "मी जिन्यात हाय, घरात न्हाय," असं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. शालन आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो उंबऱ्याबाहेर उभ्यानंच घटाघटा पाणी प्याला.

"केरबा, तुझ्यासाठी केलाय यांनी," ती म्हणाली. "आत ये. बस एकदा."

केरबानं तांब्या खाली ठेवला. "आक्का, बसायचा प्रश्नच न्हाय ग. मी बसतो की कुटंबी. पर ह्या घरात माजी पाठ लागलीया, असं सगळं कोल्लापूर म्हनतंय. पैलवान जितं पडला तितं परत जातो ते कुस्ती मारायला. पावनचार घ्यायला जात न्हाय."

आणि गेला. मागं उरलो आम्ही आणि सोफा. सोफ्यानं दिवाणखाना असा व्यापला होता की दार अर्धंच उघडत होतं. शालननं माझ्याकडं बघितलं नाही. ती निसारभाईंकडं वळली, डोळ्यांत पाणी आणि आवाज चढलेला. "भाई, 'चीत' तुम्ही म्हणालात. आता तुम्हीच निस्तरा. माझा भाऊ माझ्या दारात परक्यासारखा पाणी पिऊन गेला!"

निसारभाईंचं तोंड एवढंसं झालं. तसेच उठले आणि तालमीत गणपतराव वस्तादांकडं गेले. केरबाला लंगोट बांधायला शिकवला तो याच वस्तादांनी. त्यांचा शब्द म्हणजे सगळ्या पेठांत शेवटचा शब्द. वस्तादांनी ऐकून घेतलं, मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "जागा बगितल्याबिगार मी निकाल देत न्हाय."

रविवारी सकाळी वस्ताद आले, मागं अख्खी तालीम. वस्ताद सोफ्यावर बसले, शेजारी आणखी तीन पैलवान बसले. सोफ्यानं हूं का चूं केलं नाही. बादशहा मिस्त्री मुद्दाम सगळ्यांचं लक्ष जाईल असा खाकरला. केरबा जिन्यात. बयाबाई स्वयंपाकघराच्या दारात. मी मोडकी खुर्ची सुतळीनं बांधून वाचनकोपऱ्यात उभी केली होती.

"हीच व्हय ती?" वस्तादांनी खुर्चीला बोट लावलं. खुर्ची पुन्हा पडली. तालमीच्या पोरांत कुजबूज झाली. वस्तादांनी हात वर केला. "दाजी, तुमी हुता?"

"होतो."

"पाठ लागल्याली डोळ्यांनी बगितली?"

"खरं सांगायचं तर मी खुर्चीकडं बघत होतो. नवी होती."

शालननं कपाळावर हात मारला. वस्ताद निसारभाईंकडं वळले. "तू 'चीत' म्हनालास. काय बगितलास?"

"पाय, वस्ताद. पाय वर हुते."

"आन् पाठ?"

"पाठ शोकेसच्या आड हुती. पर पाय वर म्हंजे पाठ खाली असनारच की."

"असनारच की!" वस्ताद गरजले. "उद्या फडात पंच म्हनून बसशील आन् पाय बगून निकाल देशील व्हय रं? केरबा! आत ये."

केरबा हलला नाही.

"पंचाच्या हुकमानं आत येनं म्हंजे पावना म्हनून येनं नव्हं. ये. आन् जितं पडलास तितं पड."

केरबानं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. शालननं पदर तोंडाला लावला. वाचनकोपऱ्यात तो आधी बसला, मग मागं झुकला. डावा खांदा शोकेसला अडला. उजवा भिंतीला. त्यानं अंग चोरलं, श्वास सोडला, पुन्हा झुकला. शोकेसच्या काचा थरथरल्या, आतला ताजमहाल हलला आणि माझा जीव वरखाली झाला. केरबा कुशीवर तिरका होत होता, पण उताणा काही होता येईना. एक खांदा खाली गेला की दुसरा वर!

वस्ताद सोफ्यावरून उठले. गुडघ्यावर बसले. मैदानात पंच घालतात तसा त्यांनी वरच्या खांद्याखाली पंजा घातला. पंजा आरपार गेला. मग फेट्याचा शेव घातला. तोही गेला.

"हात जातोय की रं!" वस्ताद ओरडले. "ह्या बोळात केरबाची पाठ लागंलच कशी? जागाच न्हाय! एक खांदा फरशीला, दुसरा हवंत. केरबा चीत झाल्याला न्हाय!"

काय तो कल्ला! जिन्यात कुणीतरी हलगी घेऊनच उभा होता. ती कडाडली. गुलाल उधळला. आवाजाची तक्रार करायला सेक्रेटरी वर आले आणि त्यांच्या टकलावर पहिली मूठ बसली. माझी शेवाळी भिंत गुलाबी झाली. निसारभाईंनी वस्तादांचे पाय धरले. या सगळ्यात केरबा काय करतोय इकडं कुणाचं लक्षच नव्हतं. तो वाचनकोपऱ्यातून ओरडत होता, "आरं मला काडा की भाईर!"

तो अडकला होता. चार पैलवानांनी पाय धरले, बादशहा मिस्त्रीनं शोकेसला खांदा दिला, मी ताजमहालासाठी दोन्ही हात पसरून उभा राहिलो. केरबा निघाला, आणि ताजमहालाचा एक मनोरा पडला तो नेमका माझे हात चुकवून. एरवी मी काय बोललो असतो देव जाणे. त्या दिवशी मी पण हलगीच्या तालावर मान हलवत होतो.

न्हावी निसारभाईंनी खाली आणूनच ठेवला होता. संग्रामच्या रिबिनी सोडल्या. केरबानं हात धुतले, कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि माझ्याकडं बघून हसत सोफ्याकडं निघाला. माझी छाती फुगली. एवढ्यात न्हावी म्हणाला, "ओ पैलवान, तितं कुटं चाललाय? जावळ सोफ्यावर काडत्यात व्हय? खाली बसा. मांडी घाला. पाट आना ग कुनीतरी."

सगळी तालीम माझ्याकडं बघायला लागली. बादशहा मिस्त्री झालरीकडं बघायला लागला. शालन पाट घेऊन येता येता माझ्या कानाशी म्हणाली, "मी सोफा मागितला होता का कधी?"

मामा खाली मांडी घालून बसला, भाचा मांडीत बसला. वस्तरा बघून पोरानं भोकाड पसरलं. केरबानं त्याच्या कानाजवळ मांडीवर असा एक शड्डू ठोकला, की पोर दचकून गप्प झालं आणि मग खदखदून हसायला लागलं. केस उतरले. गोटा निघाला. रिबिनीतून आमचा मुलगा बाहेर आला आणि दिसायला थेट केरबा! शालन रडत होती, हसत होती, भावाच्या डोक्यावरनं हात फिरवत होती.

मग पंगत. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. वस्ताद सोफ्यावर, पैलवान जमिनीवर, निसारभाई वाढायला, सेक्रेटरी गुलालासकट शेवाळी भिंतीशी. केरबा भिंतीला टेकून त्याच्या जुन्या जागी बसला होता. पहिला घास घेण्याआधी त्यानं घरभर नजर फिरवली. खाली बघितलं, वर बघितलं.

"दाजी, मी ह्या घराला लई नावं ठेवली. पर खरं सांगतो, ह्यो ब्लॉक वीतभर जरी मोटा असता, तर त्या दिशी मी चीत झालोच असतो. घर असावं तर ह्येवडंच असावं की!"

"रास्त बोल्लास," वस्ताद म्हणाले, आणि वस्तादांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

शालननं केरबाच्या ताटात पांढरा रस्सा पुन्हा ओतला. तो नको नको म्हणत होता आणि वाटी पुढं करत होता. मी माझं ताट घेऊन आत-बाहेर दोनदा फिरलो आणि शेवटी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. माझ्या स्वतःच्या घरात मला बसायला जागा उरली नव्हती, आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटत होता म्हणून सांगू!